रुग्णवाहिका सेवेतील वरिष्ठ व्यवस्थापन (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णवाहिका सेवा चालवणाऱ्या ट्रस्टांमधील (म्हणजे स्वतःचे संचालक मंडळ असलेल्या सार्वजनिक संस्थांमधील) संचालक आणि त्यांच्या हाताखालची पहिली-दुसरी फळी यांना मिळून वरिष्ठ व्यवस्थापन म्हणतात. या फळीत माणसे किती आणि त्यांच्यावर खर्च किती, हा प्रश्न तिथे वारंवार विचारला जातो. ज्या सार्वजनिक पैशातून त्यांचे पगार होतात, त्यातूनच गाड्या, पॅरामेडिक आणि नियंत्रण कक्षही चालवावे लागत असल्याने तो विचारला जाणे रास्तच आहे. मात्र ‘वरिष्ठ’ कोणाला म्हणायचे हे आधी ठरवल्याशिवाय त्याला एकच एक उत्तर मिळत नाही.

१९४८ साली एनएचएस ही राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा रुग्णवाहिका स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात होत्या. १९७४ च्या पुनर्रचनेत त्या एनएचएसकडे आल्या. सुपरमार्केट व्यवसायातले रॉय ग्रिफिथ्स यांनी १९८३ साली दिलेल्या अहवालानंतर एनएचएसमध्ये सर्व थरांवर सर्वसाधारण व्यवस्थापक नेमले गेले आणि १९९० च्या दशकात रुग्णवाहिका सेवांचे स्वतंत्र ट्रस्ट झाले. प्रत्येक ट्रस्टला स्वतःचे संचालक मंडळ, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्त संचालक लागतो. त्यामुळे ट्रस्टांची संख्या हाच वरच्या पदांच्या संख्येचा पहिला निर्णायक घटक ठरतो. २००६ साली सुमारे ३० ट्रस्टांचे विलीनीकरण होऊन डझनभर प्रादेशिक ट्रस्ट उरले. आज ते १० आहेत. आइल ऑफ वाइट बेटावर तिथला आरोग्य ट्रस्टच रुग्णवाहिका चालवतो.

मोजणीच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. सर्वांत आखूड यादी वार्षिक अहवालातली. संस्थेचे प्रमुख कामकाज ज्यांच्या निर्णयाने चालते तेवढेच तिथे वरिष्ठ व्यवस्थापक मानले जातात, म्हणजे कार्यकारी आणि बिगर-कार्यकारी संचालक. दुसरी पद्धत वेतनश्रेणीची. २००४ पासून लागू असलेल्या ‘अजेंडा फॉर चेंज’ या वेतनरचनेत बँड ८ चे अ, ब, क, ड असे चार भाग असून त्यावर बँड ९ आहे. मुख्य कार्यकारी व बहुतेक संचालक या रचनेबाहेर, अतिवरिष्ठ व्यवस्थापकांच्या वेगळ्या वेतनचौकटीत येतात. तिसरी पद्धत मनुष्यबळाच्या राष्ट्रीय आकडेवारीतली. तिथे पदाच्या सांकेतिक वर्गीकरणावरून ‘व्यवस्थापक’ आणि ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ वेगळे काढले जातात. एकाच ट्रस्टची मोजणी या तीन पद्धतींनी केली तर तीन वेगळे आकडे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. ‘बँड ८ अ आणि त्यावरील सगळे’ ही वृत्तपत्रांना सोयीची व्याख्या तर फारच सैल आहे. या पट्ट्यात ज्यांच्या हाताखाली एकही माणूस नाही असे संगणकतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि प्रगत प्रशिक्षण घेतलेले चिकित्सकही येतात. शिवाय माणसे मोजली की पूर्णवेळ समतुल्य पदे, हेही पाहावे लागते. आठवड्याला साडेसदतीस तास म्हणजे एक पूर्णवेळ पद.

खर्च म्हणजे नुसता पगार नव्हे. मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता (एप्रिल २०२५ पासून ठरावीक मर्यादेवरील वेतनाच्या १५ टक्के) आणि निवृत्तिवेतनाचा वाटा (एप्रिल २०२४ पासून प्रशासकीय आकारासह २३.७८ टक्के, यातला काही भाग केंद्रीय पातळीवरून भरला जातो) धरला की एका पदाचा बोजा मूळ पगारापेक्षा बराच वर जातो. हंगामी संचालकांचे शुल्क, सल्लागार संस्थांची बिले आणि पद सोडताना दिलेली भरपाई हे खर्च हिशेबात वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. एखादे वरिष्ठ पद रद्द करून तेच काम बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतले, तर संख्या घटते आणि खर्च मात्र तसाच राहतो किंवा वाढतोही. म्हणून केवळ पदसंख्येतली घट बचत म्हणून मान्य करू नये.

रुग्णवाहिका सेवेतील व्यवस्थापकांचे आणखी एक काम रुग्णालयांच्या तुलनेत ठळक आहे. २००४ च्या नागरी आपत्ती कायद्यानुसार या सेवा पहिल्या श्रेणीच्या प्रतिसादक, म्हणजे आपत्तीला तोंड देण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या संस्था आहेत. मोठा अपघात, पूर किंवा दहशतवादी हल्ला झाला तर धोरणात्मक, डावपेचात्मक आणि प्रत्यक्ष कार्यवाहीच्या पातळीवर आदेश देणारी, प्रशिक्षित माणसे लागतात. बोलीभाषेत या पातळ्यांना गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ म्हणतात. वरच्या दोन पातळ्यांची पाळी बहुतांशी याच व्यवस्थापकांमधून, रात्रंदिवस आणि वर्षभर लावली जाते. पाळीला पुरेल इतकी माणसे ठेवावीच लागतात, मग दिवसाच्या कार्यालयीन कामाला तेवढ्यांची गरज असो वा नसो. कपातीचे तक्ते करताना ही गोष्ट बहुधा निसटते.

कपातीचा सर्वांत बोलका दाखला लंडनचा आहे. १९९१ साली लंडन रुग्णवाहिका सेवेने वरिष्ठ आणि मध्यम व्यवस्थापनातली सुमारे एक पंचमांश पदे कमी केली. पाठोपाठ, गाड्या पाठवण्याची संगणकीय प्रणाली घाईने आणायचे ठरले. या आकाराच्या आपत्कालीन प्रणालीचा अनुभव नसलेल्या, पण सर्वांत स्वस्त निविदा भरणाऱ्यांना काम मिळाले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी प्रणाली पूर्णपणे सुरू झाली आणि काही तासांतच कोलमडू लागली. गाड्यांच्या जागा चुकीच्या दिसू लागल्या, एकाच ठिकाणी दोन गाड्या पोहोचल्या, तर कुठे तासन्‌तास एकही नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्ण बंद पडून काम पुन्हा कागदावर आले. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालाने सॉफ्टवेअरबरोबरच व्यवस्थापनालाही जबाबदार धरले. फेररचनेचा वेग आणि आवाका झेपण्यापलीकडचा होता आणि उरलेल्यांवर असह्य ताण आला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त व्यवस्थापक म्हणजे चांगली सेवा असे यावरून सिद्ध होत नाही. पण कोणते काम कोण करणार हे न ठरवता पदे छाटली तर किंमत रुग्ण मोजतात, हे यातून नक्की दिसते.

दोन ट्रस्टांची तुलना करताना त्यांच्या कामाचा व्याप पाहावा लागतो. नैर्ऋत्येचा ट्रस्ट सिली बेटांपासून ग्लॉस्टरशरपर्यंत पसरला आहे, तर लंडनचा ट्रस्ट एका दाट महानगरात काम करतो. काही ट्रस्ट १११ ही दूरध्वनी सल्लासेवा किंवा रुग्णांची नियोजित ने-आणही सांभाळतात. एकूण उत्पन्नातला व्यवस्थापनखर्चाचा वाटा काढताना ही कामे वेगळी केली नाहीत तर टक्केवारी फसवी ठरते.

माहिती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. वार्षिक अहवालातील मानधन विभागात संचालकांचे पगार नावानिशी, ५,००० पौंडांच्या टप्प्यांत छापले जातात. सर्वाधिक पगाराच्या संचालकाचे वेतन मध्यक, म्हणजे पगारांच्या क्रमवारीत बरोबर मधोमध येणाऱ्या, कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हेही द्यावे लागते. त्याखालच्या फळीसाठी २००० चा माहिती अधिकार कायदा वापरला जातो. तो १ जानेवारी २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. उत्तर साधारणपणे २० कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. माहिती शोधून काढायला १८ तासांहून अधिक, म्हणजे ४५० पौंडांपलीकडे खर्च येणार असेल तर ट्रस्टला नकार देता येतो. अर्जात बँड, तारीख, पूर्णवेळ समतुल्य पदे आणि मालकाच्या वाट्यासह एकूण खर्च असे स्पष्ट मागितले, आणि हेच सलग काही वर्षांसाठी एकाच व्याख्येने मागितले, तर येणारे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.