जुन्या कॉम्प्युटरवर चालणारे फुकट गेम : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आमच्याकडून घरी गेला, की आठवड्याभरात फोन येतो. टायपिंग, टॅली, यूट्यूब, मुलांचा अभ्यास सगळं व्यवस्थित चालू असतं. तक्रार वेगळीच असते : "पोरगा म्हणतोय, याच्यावर गेमच चालत नाहीत. ग्राफिक्स कार्ड बसवायला किती लागतील?"

कार्ड विकलं तर चार पैसे आम्हालाच सुटतील. तरी आम्ही आधी "थांबा" म्हणतो. फोनवर जे दर वेळी सांगतो तेच इथे लिहून काढलंय, म्हणजे आमचा घसा वाचेल आणि तुमचे पैसे.

आधी आपलं मशीन ओळखा

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. पहिल्या पानावर प्रोसेसर आणि रॅम दिसेल, डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्सचं नाव. तिथे 'इंटेल एचडी' असं काही लिहिलेलं असेल, तर तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक भाग करतो, आणि त्याला लागणारी मेमरी तो तुमच्या रॅममधून उसनी घेतो. ४ जीबीतली थोडी तिकडे गेली, विंडोजने आपला वाटा घेतला, मागे क्रोमच्या दहा टॅब उघड्या; मग गेमच्या ताटात काय पडणार?

म्हणून कार्डाच्या आधी आम्ही रॅम सुचवतो. ४ जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारच्या खाचेत तशीच दुसरी बसवा. नुसती रॅम वाढते एवढंच नाही. दोन पट्ट्या जोडीने बसल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो, आणि उसनवारीवर जगणाऱ्या इंटेलच्या ग्राफिक्सला तर हा रस्ता जितका रुंद तितका बरा. एक काळजी घ्या : इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीच्या मशिनांना (प्रोसेसरच्या नावातला चार अंकी आकडा ४ ने सुरू होतो ती) डीडीआर-थ्री प्रकारची रॅम लागते, सहाव्या पिढीच्या बहुतेकांना डीडीआर-फोर. ऑनलाइन मागवण्याआधी जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो आम्हाला दाखवा. चुकीची पट्टी खाचेत दाबून बसवू पाहणारे शूर लोक आम्ही पाहिले आहेत.

एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकली की गेम पटकन उघडतो. पण खेळताना अडखळणारा गेम एसएसडीने सुधारत नाही. त्या भरवशावर ती घेऊ नका.

आणि कार्डाबद्दल. ऑफिसातले हे डबे बहुतेक बारीक बांध्याचे असतात. पूर्ण उंचीचं कार्ड घातलं तर झाकण लागत नाही. पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, आणि जोरकस कार्डाला लागणारी वेगळी वायर त्यात नसते. बुटकी कार्डं मिळतात, पण तेवढ्या पैशांत रॅमही येते, बरा मॉनिटरही येतो. तरीही कार्डच हवं असेल तर मशीन घेऊन या, झाकण उघडून बघू आणि मग बोलू.

जे चालणार नाही ते आधीच सांगतो

काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे हे खरं. पण कंपनीनेच ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी मोकळी जागा लागेल असं सांगितलंय. आमच्या मशिनांत बहुधा १२० जीबीची एसएसडी असते, आणि त्यात विंडोज आधीच ऐसपैस बसलेलं असतं. व्हॅलोरंटची कहाणी जरा वेगळी. कागदावर तो इंटेल एचडी ४००० वरही चालतो. पण फसवाफसवी पकडायला त्याच्याबरोबर जो पहारेकरी प्रोग्राम येतो, तो विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्याच सुरक्षेच्या दोन सोयी, जुन्या मशिनांत बहुधा नसतात) मागतो. जुगाड करून विंडोज ११ टाकलेल्या जुन्या मशीनवर तो दारातूनच परत पाठवतो. मोबाईलवरचे गेम इम्युलेटर टाकून खेळायचा हट्ट ४ जीबीवर धरू नका. कॉम्प्युटरच्या आत आख्खा फोन चालवायचा म्हणजे दोन्ही हँग.

मग खेळायचं काय?

आमच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक गेम हमखास चालू असतो : ओपनटीटीडी. १९९५ साली क्रिस सॉयर यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' आला होता. त्याच्याच धर्तीवर हौशी प्रोग्रामरांनी २००४ पासून हा नव्याने लिहिला. तुमच्याकडे थोडं कर्ज आणि रिकामा नकाशा. खाणीतला कोळसा वीजकेंद्रावर न्यायला रूळ टाकायचे, गावागावांत बस सोडायची, नफा आला की कर्ज फेडायचं. पहिले दोन तास मजेत जातात. मग एका फाट्यावर तीन गाड्या समोरासमोर येऊन अडकतात आणि सिग्नल कुठे लावायचा हे शिकावं लागतं. इथून पुढे रात्र कशी जाते कळत नाही. चित्रं सगळी सपाट, जुन्या पद्धतीची असल्यामुळे २ जीबी रॅमच्या मशीनवरही हा गेम आरामात चालतो. पहिल्यांदा उघडल्यावर तो चित्रांचा संच उतरवू का असं विचारेल, हो म्हणा.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या, पुढचा गेम तुम्हालाच निवडता येईल. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ३० वेळा तरी बदललं की हालचाल बऱ्यापैकी सलग वाटते. गोळीबाराच्या आणि शर्यतीच्या गेममध्ये हा आकडा १५ वर आला की खेळच संपला. पण बुद्धिबळासारख्या, एकाने चाल करायची मग दुसऱ्याने, अशा गेममध्ये मशीन अर्धा सेकंद थबकलं म्हणून तुमचा वजीर मरत नाही. जुन्या मशीनला अशा पाळीपाळीच्या गेमचा स्वभाव मानवतो.

त्यातला आमचा आवडता म्हणजे बॅटल फॉर वेस्नॉथ. २००३ पासूनचा आहे आणि अजून त्यात भर पडते आहे. षट्कोनी घरांचा पट, दोन्हीकडे सैन्य. गंमत अशी की पटावर दिवस-रात्र होते. काही सैनिक उजेडात जोरात लढतात, काही अंधारात. त्यामुळे चांगला खेळणारा संध्याकाळ झाली की मागे हटतो आणि उजाडायची वाट बघतो. शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो, वाचायलाही बरंच आहे. दहावीच्या पुढच्या मुलांना सुचवतो.

दोन भावंडं आणि एकच कॉम्प्युटर असेल तर हेजवॉर्स टाका. एकाने साळू चालवून बाझूका मारायचा, मग कीबोर्ड दुसऱ्याला द्यायचा. भांडणं होतील, पण पडद्यावर. शर्यत हवी असेल तर सुपरटक्सकार्ट. लिनक्स या विंडोजसारख्याच पण फुकट प्रणालीचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन 'टक्स' छोट्या गाडीत बसून पळतो, पडदा दुभागून दोघांना एकत्रही खेळता येतं. हा मात्र वर सांगितलेल्यांपेक्षा जड आहे. चौथ्या पिढीच्या मशीनवर आधी ग्राफिक्सची पातळी तळाला न्या, मग एकेक पायरी वर चढा.

माइनक्राफ्टसाठी रडारड चालू असेल तर लुआंटी बघा. २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. नुसता लुआंटी उघडलात तर आत रिकामंच दिसेल. त्याच्यातूनच 'व्हॉक्सेलिब्रे' हा खेळ उतरवून घ्या, मग ठोकळे खोदा, घरं बांधा. अडखळला तर खेळता खेळता उणेचं बटण दाबत जा. दूरचं दिसायचं कमी होतं आणि मशीनला श्वास मिळतो.

बंदुकीवाला गेम हवाच असेल तर असॉल्टक्यूब. सगळा मिळून साधारण ५० एमबी, आणि इंटरनेट नसलं तरी कॉम्प्युटरने चालवलेल्या शत्रूंशी खेळता येतं. लहान मुलांच्या हाती देताना पालकांनी आपला विचार करावा.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी झीरो ए.डी. प्राचीन राज्यं उभारायची. त्यात मौर्यही आहेत, चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य आहेत, हत्तीदळ आहे. दिसायला देखणा, म्हणून सगळ्यात जड. ८ जीबी रॅम असेल तरच हात घाला, नकाशा लहान घ्या आणि लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवा. सैन्य वाढत गेलं की प्रोसेसरची दमछाक होते.

एकट्याने शांतपणे खेळायचा असेल तर केव्ह स्टोरी. दाइसुके अमाया या जपानी माणसाने फावल्या वेळात पाच वर्षं खपून एकहाती केला आणि २००४ मध्ये फुकट दिला. पुढे त्याच्या विकतच्या आवृत्त्याही निघाल्या, जुनी मात्र अजून फुकट आहे. इतका हलका, की आमच्या दुकानातलं सर्वांत म्हातारं मशीनही तो कुरकुर न करता चालवतं.

बुद्धिबळासाठी काहीच टाकायला नको. ब्राउझरमध्ये लीचेस डॉट ऑर्ग उघडा. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये ते सुरू केलं. जाहिरात नाही, 'प्रीमियम घ्या' नाही, खेळलेल्या डावातल्या चुकाही फुकट दाखवतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून, बुद्धिबळासाठी कॉम्प्युटर हवा म्हणणारे पालक आमच्याकडे वाढले आहेत. त्यांना आम्ही दुकानातलं सगळ्यात स्वस्त मशीन दाखवतो. तेवढं पुरतं.

अगदी लहानग्यांसाठी जीकॉम्प्री, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त छोटे खेळ : माउस धरायला शिकण्यापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत. सोबत टक्स पेंट हे चित्रं काढायचं साधन. त्याची भाषा मराठी करता येते. घरातल्या आजोबांना पत्ते लावायचे असतील तर पायसोल, हजाराहून जास्त डाव आणि मध्येच उगवणारी जाहिरात नाही.

थोडी मशागत

गेमच्या सेटिंगमध्ये सगळ्यात आधी रेझोल्यूशन कमी करा. १९२०×१०८० ऐवजी १२८०×७२० ठेवलं तर मशीनला रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. त्यानंतर सावल्या बंद करा. बाकीच्या बटणांना सहसा हात लावावाच लागत नाही.

दहा मिनिटं छान चालून मग गेम रखडत असेल, तर दोष गेमचा नाही, उष्णतेचा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. एप्रिल-मे महिन्यांत ही तक्रार फार येते. पंख्यावर धुळीचा थर बसतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्ट वाळते. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. वर्षातून एकदा साफसफाईला आणा.

फुकट आणि 'फुकट'

वर दिलेल्या गेमपैकी बहुतेक मुक्त स्रोताचे, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे असे आहेत. ते कितीही जणांना वाटा, कायद्याने मोकळे आहेत. दुसरा प्रकार, खेळायला फुकट पण कपडे-बंदुका विकत. तिथे मुलाच्या हाती तुमचा यूपीआय पिन नसावा. तिसरा प्रकार म्हणजे व्हाइस सिटी, रोड रॅश वगैरे 'फुल व्हर्जन'. पेनड्राइव्हवर फिरतात म्हणून ते फुकट होत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर काय काय फिरतं हे आम्ही रोज बघतो. पेनड्राइव्ह लावल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, आणि त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, असं मशीन आमच्याकडे आलं आहे. अँटिव्हायरस बंद करा मगच चालेल असं सांगणारा कोणताही गेम टाकू नका. आम्हीही असे गेम टाकून देत नाही. कृपया आग्रह करू नये.

उतरवताना गूगलवर वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक न करता गेमची स्वतःचीच साइट उघडा : ओपनटीटीडी डॉट ऑर्ग, सुपरटक्सकार्ट डॉट नेट, जीकॉम्प्री डॉट नेट (gcompris.net). हिरवं मोठं 'डाउनलोड' बटण बहुतेक वेळा भलतंच असतं.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक मशिनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. मुलांपुरतंच मशीन असेल तर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो. त्याला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, आणि वरचे बरेचसे गेम त्याच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, कुठल्याही साइटवर न भटकता मिळतात. टॅली त्याच मशीनवर लागत असेल तर आधी सांगा, विंडोज आणि मिंट दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात.

घरी नेट नसेल किंवा दिवसाचा डेटा लवकर संपत असेल तर १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. वरच्यातले हवे ते गेम भरून देऊ, पैसे नाहीत. दुपारी ३ ते ५ या वेळात आलात तर बरं, तेव्हा गर्दी नसते. ओपनटीटीडी चालू असेल तर फक्त गाडी स्टेशनात पोहोचेपर्यंत थांबा.