शोध आणि माग: कुत्र्याच्या नाकाची दोन वेगळी कामं

"घटनास्थळी श्वानपथकाला पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला, मात्र तेथे ते घुटमळले." घरफोडीच्या बातमीतलं हे वाक्य न वाचलेला मराठी वाचक विरळाच. चोर तिथून गाडीत बसून गेला असावा, पायांचा माग तिथेच संपला, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीकडे मुंबईकर अजूनही ज्याची आठवण काढतात तो झंजीर. मुंबई पोलिसांच्या या लॅब्रॅडॉरने १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो आरडीएक्स हुडकून दिलं. स्फोटकं कोणी, कोणत्या वाटेने आणली याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ती आत्ता कुठे आहेत एवढंच त्याला सांगायचं होतं.

पहिल्या कुत्र्याचं काम माग काढण्याचं, दुसऱ्याचं शोधण्याचं. दोघंही नाकानेच काम करतात म्हणून आपण त्यांना एकाच पंक्तीला बसवतो आणि घरच्या कुत्र्याला 'सेंट वर्क', म्हणजे वासावरून करायची कामं, शिकवायला निघालो की तिथेच घोळ होतो. आज घरात खाऊ लपवायचा, उद्या मैदानात पावलांवर चालवायचं, दोन्हीकडे हुकूम एकच: "शोध!" कुत्रा गोंधळतो आणि मालकाला वाटतं की याच्या नाकात दम नाही. नाक उत्तमच असतं. आपण त्याला नेमकं काय विचारतोय हे त्याला कळलेलं नसतं.

शोधात कुत्र्याला एक ठरलेला वास माहीत असतो आणि तो कुठून येतोय हे सांगायचं असतं. वास हवेबरोबर पसरतो, उगमापाशी दाट आणि लांब विरळ. कुत्रा इकडेतिकडे फिरतो, वासाच्या पट्ट्यात शिरला की मान झटकन वळते, पट्टा सुटला की परत फिरतो आणि असं करत करत उगमाशी पोचतो. नाक वर, खाली, टेबलाच्या कडेला, कुठेही गेलं तरी चालतं. कोणत्या वाटेने गेला याला महत्त्व नाही.

मागात वाट हेच उत्तर. माणूस चालत जातो तेव्हा त्याच्या कातडीचे सूक्ष्म कण सतत गळत असतात, शिवाय पावलाखाली गवत चिरडतं, माती दबते. या सगळ्याचा मिळून जमिनीवर एक वास उरतो आणि कुत्र्याने तो पावलागणिक वाचत जायचं असतं. उत्तर आयर्लंडमधल्या हेपर आणि वेल्स या संशोधकांनी २००५ साली दाखवलं, की माणूस कोणत्या दिशेने गेला हे प्रशिक्षित कुत्र्याला सलग पाच पावलांवरून ओळखता येतं. पाचव्या पावलाचा वास पहिल्यापेक्षा किंचित ताजा असतो, बहुधा त्या फरकावरून. ही किमया शोधाच्या खेळात लागतच नाही.

म्हणूनच एका कामात जे अचूक, ते दुसऱ्यात चूक ठरतं. समजा, मैदानात तुम्ही इंग्रजी एल आकाराचा माग टाकला आणि टोकाला हातमोजा ठेवला. कुत्र्याने वळणाआधीच नाक वर केलं, वाऱ्यावरून मोज्याचा वास पकडला आणि तिरकं धावत जाऊन मोजा उचलला. शोध म्हणून हे शाबासकीचं काम आहे. माग म्हणून फसलेलं, कारण वळण आणि त्यापुढची वाट त्याने वाचलीच नाही.

स्पर्धांचे नियमही हाच फरक धरून आहेत. 'नोज वर्क' हा खेळ २००६च्या सुमारास कॅलिफोर्नियात पोलिसी श्वानांच्या प्रशिक्षकांनी घरच्या कुत्र्यांसाठी आकाराला आणला. त्यात बर्च, अनीस आणि लवंग या तीन तेलांचे वास खोक्यांत, खोलीत, अंगणात आणि गाड्यांच्या बाहेरच्या बाजूला लपवतात. अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या पातळीच्या ट्रॅकिंग परीक्षेत मात्र ४४० ते ५०० यार्डांचा, तीन ते पाच वळणांचा आणि अर्धा ते दोन तास जुना माग असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने शोधापासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा कमी लागते, ऊन लागत नाही आणि एका वेळी एकच कुत्रा काम करत असल्याने घाबरट, म्हातारा किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकणारा कुत्राही यात रमतो. डुरान्टन आणि होरोविट्झ यांच्या २०१९च्या अभ्यासात काही कुत्र्यांनी दोन आठवडे असा शोधाचा खेळ खेळला आणि काहींनी मालकाच्या बाजूने चालण्याचा सराव केला. नंतर खाऊ असेल-नसेल असं भांडं समोर ठेवल्यावर शोध खेळलेली कुत्री पूर्वीपेक्षा झटपट त्याकडे गेली, म्हणजे अधिक आशेने. स्वतःच्या नाकाने स्वतः निर्णय घेण्याचा हा परिणाम असावा, असं संशोधकांना वाटतं.

साहित्य म्हणजे झाकण उघडी सात-आठ पुठ्ठ्याची खोकी आणि उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे. एकाच खोक्यात खाऊ टाकायचा आणि कुत्र्याला सोडून गप्प उभं राहायचं. बोट दाखवायचं नाही, "इथे बघ, इथे" म्हणायचं नाही. खोकं सापडलं की आणखी दोन-चार तुकडे त्याच खोक्यात टाकायचे, म्हणजे बक्षीस आपल्या हाताशी नाही तर वासाच्या जागी मिळतं हे त्याला पक्कं कळतं. खाऊचं खोकं खूण करून वेगळं ठेवा. कालचं खाऊचं खोकं आज रिकामं म्हणून मांडलं तर त्यातला उरलेला वास कुत्र्याला खोटं पाडतो. तीन-चार वेळा झालं की थांबा, त्याला अजून हवं असतानाच.

आपल्या घरांत एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं: छताचा पंखा. पंखा चालू असला की खोक्यातला वास उचलला जाऊन समोरच्या भिंतीपाशी किंवा पडद्यात जाऊन साचतो. मग कुत्रा पडद्याची खालची कड पुनःपुन्हा हुंगतो, तिथून वळून खोलीच्या मध्यात येतो, परत पडद्याकडे जातो. मालक म्हणतो, "अरे, तिथे काही नाहीये!" पण तिथे वास खरोखरच असतो. सुरुवातीला पंखा बंद ठेवा. काही आठवड्यांनी मुद्दाम लावा आणि साचलेल्या वासापासून उगमापर्यंत तो कसा पोचतो ते बघत बसा. मला या खेळातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

खाऊवरून लवंगेवर जायचं असेल तर दाढदुखीची बाटली थेट वापरू नका. निव्वळ लवंगेचं तेल कुत्र्याला अपायकारक असतं. कापसाच्या बोळ्याला तेलाचा जेमतेम वास लागू द्यावा, बोळा भोकं पाडलेल्या डबीत बंद ठेवावा आणि कुत्र्याला तो चाटता येणार नाही हे पाहावं. पहिले काही दिवस डबीशेजारीच खाऊ ठेवला की दोघांची सांगड बसते.

मागाला मोकळी जमीन हवी. हरळीचं मैदान किंवा नांगरलेलं भुसभुशीत रान उत्तम, डांबर सर्वात अवघड. पहाटेची वेळ धरा, दंवामुळे वास टिकतो आणि ऊन नसतं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, हे ध्यानात ठेवा. वारा पाठीशी घेऊन हातभर जागा तुडवायची, तिथून वीसेक पावलं सरळ जायचं, प्रत्येक पावलाच्या ठशात खाऊचा एक तुकडा आणि शेवटी मोज्याखाली मूठभर. परतताना त्याच वाटेने येऊ नका, लांबून वळसा घाला. दहा-पंधरा मिनिटांनी कुत्र्याला लांब दोरीवर आणा आणि त्याच्या मागे चाला. तो भरभर निघाला तर दोरी हलकेच ताणून गती कमी करा, कारण घाईत पावलं सुटतात. सरळ वाट पक्की होईपर्यंत वळण घालू नका. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात जाणं टाळा, आणि एरवीही घरी आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.

पुढे मागाच्या स्पर्धांत उतरायचं ठरलेलं असेल तर आधी मागच शिकवा, नाक जमिनीलगत ठेवण्याची सवय कोवळेपणी लवकर मुरते. दोन्ही करायचे असतील तर हुकूम वेगळे ठेवाच, पण साजही वेगळा ठेवा: मागाला हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) आणि लांब दोरी, शोधाला साधा गळपट्टा. शब्द कानावर पडण्याआधीच अंगावर काय चढतंय यावरून कुत्रा काम ओळखतो, म्हणून मागाचा हार्नेस रोजच्या फिरण्याला कधीच घालू नका.