कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळत नाही

"मध आणि कांद्याचा रस डोळ्यात टाका, मोतीबिंदू विरघळेल, ऑपरेशन टळेल." हा मेसेज विदर्भातल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. ऑपरेशनची धास्ती अन् तालुक्याला जायची अडचण असली की तो पटणं साहजिक आहे.

पण मोतीबिंदू हा डोळ्यावर साचलेला थर नाहीच. बुबुळामागचं भिंग आतून गढूळ होतं. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्या पेशींचे लांबट तंतू बनतात आणि जन्मभर आतच राहतात, गळत नाहीत. वयानुसार त्यांतल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात, अंड्याचा पांढरा बलक शिजावा तशा. शिजलेला बलक परत पारदर्शक होत नाही.

प्रयोगशाळेत याच पेशी बशीत वाढवतात. एफजीएफ हा वाढीचा घटक दिला की त्या तंतू बनू लागतात, टीजीएफ-बीटा हा दुसरा घटक दिला तर व्रणातल्या पेशींसारख्या होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त झालं तर मरतात. बशीत एखाद्या पदार्थाने पेशी वाचल्या, म्हणून तो डोळ्यातलं गढूळ भिंग साफ करतो असं ठरत नाही.

स्वतः पाहायचं तर टॉर्च तिरपा धरा. पिकलेल्या मोतीबिंदूचा पांढरेपणा काळ्या बाहुलीच्या आत दिसतो. फूल पडलं असेल, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर पांढरा डाग असेल, तर तो डाग अगदी पुढे, पृष्ठभागावर असतो.

रसाने डोळा झोंबतो, पाणी येतं, त्यालाच लोक 'घाण निघाली' समजतात. ते फक्त अश्रू असतात. शिवाय घरच्या मधात जंतू असू शकतात. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं हाच उपाय आहे, आणि सरकारी रुग्णालयांत तो मोफत होतो.