नमाजेची ओढणी आणि परद्याची ओढणी

“घरात एकटीच होते, मग नमाजेत डोकं कशाला झाकायचं?” हे एक वाक्य. “आत्ता डोक्यावर काही नाही, दुआ नंतर मागते,” हे दुसरं. कुर्ल्यापासून मोहम्मद अली रोडपर्यंत, ऑफिसातल्या मैत्रिणींपासून घरातल्या खालांपर्यंत (मावश्यांपर्यंत), ही दोन वाक्यं मी सतत ऐकते. पहिल्यात ओढणी हवी तिथून गळून पडते, दुसऱ्यात नको तिथे आडवी येते. आणि कितीदा तरी ही दोन्ही वाक्यं बोलणारी बाई एकच असते.

मुसलमान बाई डोकं दोन कारणांनी झाकते. समोर नामहरम पुरुष, म्हणजे ज्याच्याशी तिचा निकाह होऊ शकतो असा पुरुष आहे म्हणून. किंवा ती नमाजेत उभी आहे म्हणून. कापड तेच, डोकं तेच, पण हुकूम दोन आहेत आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की सगळं विस्कटतं.

पहिल्या कारणावर मी फार वेळ घालवणार नाही. २०२२ साली कर्नाटकातल्या कॉलेजांवरून आणि २०२४ साली चेंबूरच्या कॉलेजावरून इतकं छापून आलं की हिजाब, बुरखा, नकाब यांतला फरक आता मुसलमान नसलेल्या वाचकालाही ठाऊक आहे. सूरह नूरच्या ३१ व्या आयतीत कोणासमोर परदा नाही याची यादी आहे: नवरा, बाप, सासरा, मुलगा, भाऊ, भाचे-पुतणे आणि आणखी काही. त्या यादीत सासरा आहे आणि दीर नाही, हे मात्र सांगून पुढे जाते, कारण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. सासऱ्यासमोर हातभर पदर आणि दिरासमोर डोकं मोकळं! ही गावची रीत झाली, दीन नव्हे. असो. परद्याचा नियम बघणाऱ्यावर अवलंबून आहे. तसा बघणारा नसेल तर परद्याचा प्रश्नही नाही.

नमाजेची ओढणी बघणाऱ्यावर अवलंबून नाही. सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नमाज होण्यासाठी काही गोष्टी आधी जागेवर असाव्या लागतात. वजू (नमाजेआधी ठरलेल्या रीतीने हात, तोंड, पाय धुणं) हवा, अंग, कपडे आणि जागा पाक हवी, वेळ झालेली हवी, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काब्याच्या दिशेला हवं, आणि सतर झाकलेलं हवं. सतर म्हणजे शरीराचा जो भाग नमाजेत झाकणं फर्ज, म्हणजे सक्तीचं आहे तो. वयात आलेल्या बाईच्या बाबतीत डोकं आणि केस त्यात येतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडून आलेली हदीस (पैगंबरांचं वचन) अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे: वयात आलेल्या बाईची नमाज अल्लाह ओढणीशिवाय कबूल करत नाही. त्यात कोणी बघत असलं तर, असं काही म्हटलेलं नाही. एकटी आहे म्हणून वजू न करता नमाज पढते, असं आपल्यातली कुठलीही बाई म्हणणार नाही. एकटी आहे म्हणून किबल्याकडे पाठ करून उभी राहते, असंही नाही. ओढणी त्याच रांगेतली आहे. तरी ‘कोण बघतंय’ हा प्रश्न फक्त तिच्याच वाट्याला येतो.

खोलीला आतून कडी आहे, खिडकीचा पडदा ओढलाय, दिवाही बंद आहे, तरी डोकं झाकायचं. जुन्या फकिहांनी (धर्मनियमांच्या जाणकारांनी) अंधाऱ्या खोलीत एकट्याने पढलेल्या नमाजेचा प्रश्न मुद्दाम घेतला आहे आणि उत्तर हेच दिलं आहे: कपडा असताना सतर उघडं ठेवलं तर नमाज झाली नाही. नवऱ्यापुढे बाईला केसांचा परदा अजिबात नाही. पण त्याच खोलीत, तोच नवरा शेजारी बसलेला असताना ती अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजेला उभी राहिली की केस झाकलेले हवेत. रमजानमध्ये इमारतीतल्या एखाद्या घरी बायका तरावीहच्या रात्रीच्या नमाजेला जमतात. तिथे पुरुषाची सावलीही नसते. तरी नियम तोच.

अजूनही कोणाला हे दोन हुकूम एकच वाटत असतील तर चेहऱ्याकडे बघा. रस्त्यावर नकाब घालणारी बाई घरी नमाजेला उभी राहते तेव्हा चेहरा उघडा ठेवते. कोणी नामहरम नसताना तोंड झाकून नमाज पढणं मकरूह (नापसंत) आहे. एहराममध्ये, म्हणजे हजच्या बंधनांच्या काळात, बाईला नकाब आणि हातमोजे मना आहेत, डोकं मात्र झाकलेलंच असतं. लोकांसाठीचं झाकणं आणि इबादतीतलं झाकणं एकच असतं तर चेहऱ्यापाशी दोघांच्या वाटा अशा फुटल्या नसत्या. म्हणूनच “नमाजेला बुरखा घालावा लागतो का हो?” या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. बुरख्याने काम भागतं, पण साधा सलवार-कमीज आणि नीट ओढणी असली तरी पुरे.

मुंबईत हा गोंधळ जास्त का, याचं कारण मला घरांत दिसतं. एका खोलीत सात माणसं. फ्रिज आणि पलंग यांच्यामध्ये जानमाज (नमाजेची चटई) अंथरण्यापुरती जागा. पलंगावर दीर मोबाईल बघत पडलेला, दारात शेजारचा मुलगा पाण्याची बाटली भरायला आलेला. अशा खोलीत बाई नमाजेला उभी राहते तेव्हा दोन्ही हुकूम एकाच वेळी लागू असतात आणि एकच ओढणी दोन्ही निभावते. त्या घरात वाढलेल्या मुलीला कारण दोन आहेत हे कळायला वावच मिळत नाही. पुढे लग्न होऊन ती मीरा रोडला किंवा मुंब्र्याला दोन खोल्यांच्या घरात जाते. दुपारी एकटी असते. जुहरच्या नमाजेच्या वेळी गळ्यात असलेली ओढणी गळ्यातच राहते, कारण तिच्या लेखी ओढणी दिरासाठी होती. तिला ओरडून काय होणार? तिला कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

आता झाकायचं म्हणजे किती, ते जवळून बघू. माझी सगळ्यात मोठी तक्रार जॉर्जेट आणि शिफॉनच्या दुपट्ट्यांबद्दल आहे. ईदच्या जोड्यावर शोभतात, नमाजेला नालायक. दुपट्टा ट्यूबलाइटसमोर हातावर ताणून धरा. हाताचा रंग दिसला तर केसांचाही दिसणार, आणि आतला रंग दिसणारं कापड सतर झाकत नाही. दोन पदरी घ्या नाहीतर सुती वापरा. दुसरी जागा कानशिलाची. उभं असताना सगळं ठीक असतं, रुकूत वाकलं की ओढणी पुढे सरकते, सजद्यात कपाळ टेकलं की मागे ओढली जाते आणि कानाच्या वरचे केस बाहेर येतात. तिसरी जागा मनगटाच्या वर: तक्बीरला (अल्लाहू अकबर म्हणत नमाज सुरू करताना) हात उचलले की सैल बाही कोपराकडे घसरते. डोक्यावर भरपूर लक्ष आणि हाताकडे काहीच नाही, हे मी फार बघते. साडी नेसणाऱ्या बायकांना पोट, पाठ आणि दंड हा आणखी एक ताप. म्हणूनच आमच्या कोकणी घरांतून मखना असतो. डोक्यावरून घालायचा, हनुवटीखाली बंद, कमरेच्या खाली येणारा. साडीवर, मॅक्सीवर, कशावरही घाला, एकदा घातला की नमाज संपवणारा सलाम फेरेपर्यंत हात लावावा लागत नाही. खुंटीला एक मखना लटकवलेला असला की निम्मे प्रश्न संपतात.

किती उघडं पडलं तर नमाज जाते, यावर हनफी आणि शाफई या सुन्नींच्या दोन मसलकी (धर्मनियमांच्या परंपरा) वेगळं सांगतात, आणि मुंबईत दोन्हींची माणसं एकाच मजल्यावर राहतात. कोकणी मुसलमान शाफई. उत्तरेकडून आणि दख्खनातून आलेली बहुतेक घरं हनफी. हनफींकडे एखाद्या अवयवाचा चौथा हिस्सा, तीनदा सुब्हानअल्लाह म्हणण्याइतका वेळ उघडा राहिला तर नमाज तुटते. त्या हिशोबात कान वेगळा अवयव आहे, खाली लोंबणारे केसही वेगळे. चुकून दोन बटा बाहेर आल्या तर घाबरू नये. शाफईंकडे ही चौथाईची सूट नाही. ओढणी सरकली आणि लगेच ओढून घेतली तर नमाज टिकते, कळूनही तशीच ठेवली तर गेली. पावलांचंही तसंच. हनफी बाई पावलं उघडी ठेवू शकते, शाफई बाईला ती झाकावी लागतात, म्हणून कोकणी घरात जानमाजेच्या घडीत मोज्यांची जोडी सापडते. शेजारणीने शेजारणीच्या पायांकडे बघून “तुझी नमाजच होत नाही” म्हणणं थांबवावं. दोघींच्या नमाजा आपापल्या मसलकीप्रमाणे होतात.

पुरुषाच्या टोपीला ही तुलना लावू नका. पुरुषाचं डोकं सतरमध्ये येत नाही. टोपी अदब, म्हणजे आदराची रीत आहे, ती नसली तरी नमाज होते. बाईची ओढणी शर्त आहे. भाऊ टोपी विसरला आणि बहीण ओढणी विसरली, या दोन सारख्या चुका नाहीत.

आता दुसरं वाक्य, जे मला पहिल्यापेक्षा जास्त लागतं. “डोक्यावर काही नाही, दुआ नंतर मागते.”

सतरची शर्त नमाजेची आहे. तक्बीरला सुरू होते, सलामला संपते. दुआ नमाज नाही. तसबीह (अल्लाहच्या नावाचा जप) नमाज नाही. दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), इस्तिगफार (अल्लाहची माफी मागणं), घरातून निघतानाची दुआ, जेवणाआधीचं बिस्मिल्लाह, यांतलं काहीच नमाज नाही. यांना ओढणीची शर्त नाही, किबल्याची नाही, वजूचीही नाही. न्हाऊन केस पुसताना, पोळ्या लाटताना, बाळाला थोपटताना, सहा महिन्यांच्या आजारपणात पलंगावर पडल्या पडल्या, जीभ मोकळी आहे. हैजच्या (पाळीच्या) दिवसांत बाईवर नमाज नसते, पण दुआ आणि जिक्र (अल्लाहचं स्मरण) चालूच राहतात. लेडीज डब्यात बोटात तसबीह मोजण्याचं छोटं यंत्र अडकवून बसलेली मुलगी बघते तेव्हा मला बरं वाटतं, तिचा स्कार्फ खांद्यावर असला तरी. त्या डब्यात एखादी खाला तिला “पहले सर ढक” म्हणून टोकते तेव्हा बरं वाटत नाही. मुलगी ओढणी नीट करत नाही, यंत्र पर्समध्ये टाकते. हे मी बघितलंय. काय कमावलं त्यात?

अजान ऐकली की डोक्यावर पदर घ्यायची सवय सुंदर आहे. मलाही आहे. कुराण उघडताना मी ओढणी घेते आणि माझ्या मुलींनाही घ्यायला सांगते, कारण त्यात अदब आहे. माहीमच्या दर्ग्यात शिरताना तर पुरुषसुद्धा रुमाल बांधतात. पण अदबीला अदब म्हणावं. फर्ज म्हणून सांगितलं की जिच्या हाताशी ओढणी नाही ती बाई ते कामच सोडून देते. तोंडपाठ सूरह उघड्या डोक्याने म्हटली तर ती म्हटली गेली. कुराणाची प्रत हातात घ्यायला वजू हवा, असं चारही मसलकींचं म्हणणं आहे. त्या शर्तीत ओढणी नाही. “उघड्या डोक्यावर सैतान बसतो,” अशी भीती लहान मुलींना घालणं तर मला मुळीच पटत नाही.

वजूवरून आठवलं. डोकं उघडं पडल्याने वजू तुटत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की वजू करून ओढणी सरकलेल्या बायका परत नळाशी जाताना दिसतात, तेही टाकीचं पाणी मोजून वापरावं लागणाऱ्या घरांत. वजूत मसह करायला, म्हणजे डोक्यावरून ओला हात फिरवायला, डोकं उघडावं लागतंच की! आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये सगळा स्कार्फ सोडवायचीही गरज नाही. पिन काढून ओला हात आत घाला. हनफींना डोक्याच्या चौथ्या हिश्श्याचा मसह पुरतो, शाफईंना थोड्या केसांचाही.

एका जागी मात्र जिक्र आणि नमाज यांच्यातली रेघ ओलांडली जाते, ती म्हणजे सजद्याची आयत, जी वाचली की सजदा करायचा असतो. मोकळ्या डोक्याने तिलावत (कुराणाचं पठण) चालू आहे आणि मध्ये ती आयत आली. तिलावतीला ओढणीची शर्त नव्हती, पण त्या सजद्याला नमाजेच्या शर्ती लागतात: वजू, किबला, झाकलेलं सतर. हनफींकडे हा सजदा वाजिब (करावाच लागणारा) आहे आणि नंतरही करता येतो, म्हणून तिलावत पुरी करा, मग ओढणी घेऊन सजदा करा. शाफईंकडे तो सुन्नत (पुण्याचा, पण सक्तीचा नाही असा) आहे आणि फार वेळ मध्ये जाऊ देत नाहीत, म्हणून कोकणी बायकांनी कुराण घेऊन बसतानाच मखना जवळ ठेवलेला बरा.