गुंतवणुकीतील ईएसजी एकात्मीकरण

कंपनीचा शेअर किंवा रोखा घेण्याआधी गुंतवणूक संस्था तिचा ताळेबंद, नफा, कर्ज आणि बाजारातली जागा तपासते. त्याच तपासणीत कंपनीचे पर्यावरणाशी, माणसांशी आणि स्वतःच्या कारभाराशी वागणे कसे आहे हेही पाहायचे आणि जे दिसेल ते कंपनीच्या किमतीच्या हिशेबात उतरवायचे, या पद्धतीला ईएसजी एकात्मीकरण म्हणतात. एन्व्हायर्न्मेंट, सोशल आणि गव्हर्नन्स या तीन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे ईएसजी. व्याख्येतला भार ‘हिशेबात उतरवणे’ या शब्दांवर आहे. विश्लेषकाने प्रदूषणावर चार पाने लिहिली आणि शेअरचे अपेक्षित मूल्य मात्र होते तेवढेच ठेवले, तर ते एकात्मीकरण होत नाही.

दोन गोष्टींशी याची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे वगळण्याची पद्धत. तंबाखू, शस्त्रे, जुगार अशा धंद्यांत पैसा घालायचा नाही, हा नियम धार्मिक संस्थांच्या गुंतवणुकीत फार जुना आहे. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्ये ओडिशातील पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून वेदांता रिसोर्सेस ही कंपनी आपल्या यादीतून काढली, तो निर्णय या प्रकारचा होता. तिथे प्रश्न नैतिक असतो आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. एकात्मीकरणात प्रदूषण करणारी कंपनीही घेता येते. फक्त त्या प्रदूषणाची किंमत धरून ती स्वस्त मिळायला हवी. दुसरी गल्लत सीएसआरशी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाशी होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो नफ्याच्या विनियोगाचा नियम आहे. गावात शाळा बांधून देणारी कंपनी त्याच गावच्या ओढ्यात सांडपाणी सोडत असेल, तर विश्लेषकाने ओढा पाहायचा असतो.

ईएसजी ही संज्ञा २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टच्या पुढाकाराने काही मोठ्या वित्तसंस्थांनी तयार केलेल्या ‘हू केअर्स विन्स’ या अहवालामुळे रूढ झाली. तेव्हा एक कायदेशीर अडचण वाटत होती. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्या विश्वस्ताने परताव्याखेरीज इतर कशाचा विचार केला तर तो कर्तव्यभंग ठरेल का? २००५ मध्ये फ्रेशफील्ड्स या कायदा-संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी केलेल्या अभ्यासाने उलट बाजू मांडली. कंपनीच्या भवितव्याचा अंदाज अधिक नीट बांधण्यासाठी हे मुद्दे विचारात घेणे कायद्याला मान्य आहे, किंबहुना ते आवश्यकही ठरू शकते, असा तिचा निष्कर्ष होता. एप्रिल २००६ मध्ये कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत न्यूयॉर्क शेअर बाजारात जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वे जाहीर झाली. त्यांना पीआरआय म्हणतात. त्यातले पहिलेच तत्त्व विश्लेषणात आणि निर्णयात ईएसजी मुद्द्यांचा समावेश करण्याचे आहे. पुढे जगभरातल्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही करणे सोपे होते.

काम सुरू होते ते मटेरियालिटीपासून, म्हणजे कोणता मुद्दा कोणत्या धंद्याच्या कमाईला खरोखर भिडतो हे ठरवण्यापासून. सॉफ्टवेअर कंपनीचे पाणी आणि औष्णिक वीज केंद्राचे पाणी एकाच तराजूत मोजता येत नाही. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीच्या औष्णिक केंद्रातील संच बंद ठेवावे लागले. मार्च २०१६ मध्ये गंगेच्या कालव्यातले पाणी घटल्याने पश्चिम बंगालमधील फराक्काचे केंद्र थांबले. कोळसा हाताशी, यंत्रे धडधाकट, विजेला गिऱ्हाईक, आणि तरीही विक्री शून्य. अशा केंद्राला कर्ज देणाऱ्याने धरणातल्या पाणीसाठ्याची मागील वीस वर्षांची नोंद पाहिली नसेल, तर त्याचे विश्लेषण अर्धेच झाले असे म्हणावे लागते.

मुद्दा सापडल्यावर त्याचे आकड्यात रूपांतर करायचे असते. पोलादाचे उदाहरण घेऊ. युरोपीय संघाने आयात मालावरचा सीमा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरता आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीसाठी लागू केला. २०३४ पर्यंत त्याचा बोजा टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा, एखादी कंपनी वर्षाला १० लाख टन पोलाद युरोपला पाठवते, दर टनामागे एक टन उत्सर्जन करपात्र ठरते आणि कार्बनचा भाव ७० युरो आहे. मग बोजा ७ कोटी युरोंचा होतो. हा आकडा दरवर्षी किती वाढेल, त्यातला किती ग्राहकावर ढकलता येईल, भारतात भरलेल्या कार्बन मूल्याची किती वजावट मिळेल आणि भट्टी बदलायला किती भांडवल लागेल, हे सगळे पुढच्या दहा वर्षांच्या रोखप्रवाहात वर्षवार मांडले की कंपनीचे मूल्य बदलते. एकात्मीकरणाचे सगळ्यात स्वच्छ रूप हे आहे.

अनेक संस्था याऐवजी सोपी वाट धरतात आणि ईएसजी गुण वाईट असलेल्या कंपनीचा डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या कमाईचे आजचे मूल्य काढण्याचा दर, अर्धा टक्का वाढवतात. पुढील वर्षी १०० कोटी रुपये देणाऱ्या आणि त्यानंतर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढणाऱ्या रोखप्रवाहाचे मूल्य १२ टक्के दराने सुमारे १,४२९ कोटी येते. साडेबारा टक्के दराने ते १,३३३ कोटींवर उतरते. परिणाम मोठा दिसतो, पण अर्धाच टक्का का, याचे उत्तर कोणाकडे नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते धोका ओळखीचा असेल तर तो रोखप्रवाहातच मांडावा. म्हणजे अंदाज चुकला तर कुठे चुकला ते निदान कळते.

तीन अक्षरांत भारतीय गुंतवणूकदाराने सगळ्यात आधी ओळखले ते शेवटचे, कारभाराचे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी जोडलेल्या दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. संस्थात्मक गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांतच बेत गुंडाळावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून घोटाळ्याची कबुली दिली. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, तो नंतर काढून घेण्यात आला. स्वतंत्र संचालक, नामांकित लेखापरीक्षक, पुरस्कार अशा सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. ज्यांनी संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर यांवर नजर ठेवली, त्यांनाच काही उमगण्याची शक्यता होती. आज भारतीय फंडांत या दोन बाबी नेमाने तपासल्या जातात, त्यामागे या प्रकरणाची आठवण आहे.

शेअर घेतल्यावर काम संपत नाही. भागधारकाला मत असते आणि ते वापरणे हा एकात्मीकरणाचा दुसरा हात आहे. सेबीने म्युच्युअल फंडांसाठी आणलेली स्ट्युअर्डशिप संहिता, म्हणजे घेतलेल्या कंपन्यांवर नजर ठेवण्याचे आणि मत वापरण्याचे नियम, जुलै २०२० पासून लागू झाली आणि एप्रिल २०२२ पासून फंडांना सर्व ठरावांवर मतदान करणे बंधनकारक झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव वेतनाच्या मुद्द्यावरून संस्थात्मक भागधारकांनी अडवला. त्याला आवश्यक ७५ टक्के मते मिळाली नाहीत. संचालक मंडळाने वेतनाची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली, तेव्हा नवा ठराव मंजूर झाला. अमेरिकेत त्याच वर्षी मे महिन्यात एंजिन नंबर वन या छोट्या फंडाने एक्सॉन मोबिलचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर हाती असताना मोठ्या पेन्शन फंडांना आपल्या बाजूला वळवून तीन संचालक निवडून आणले.

पद्धतीची दुबळी बाजू माहितीत आहे. बहुतेक संस्था मानांकन कंपन्यांचे गुण विकत घेतात आणि ते गुण आपसांत जुळत नाहीत. एमआयटीच्या संशोधकांनी सहा संस्थांची मानांकने ताडून पाहिली तेव्हा त्यांच्यातला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.५४ निघाला, पतमानांकनांत तो ०.९ च्या वर असतो. एक संस्था कामगार मोजताना अपघात पाहते, दुसरी नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पाहते, तिसरी धोरणाचा कागद आहे का एवढेच पाहते. फोक्सवॅगन २०१५ मध्ये डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगातली अग्रणी ठरली होती. त्याच सप्टेंबरात डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचणीतली तिची फसवणूक उघड झाली.

दावा एक आणि व्यवहार दुसरा, या प्रकारावर नियामकांनी अलीकडे दंड लावले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाने गोल्डमन सॅक्सच्या मालमत्ता व्यवस्थापन शाखेला ४० लाख डॉलर भरायला लावले. कंपनी निवडण्याआधी भरायची ईएसजी प्रश्नावली तिथे बऱ्याचदा निवड झाल्यावर भरली जात होती. सप्टेंबर २०२३ मध्ये डीडब्ल्यूएस या जर्मन समूहाच्या अमेरिकी शाखेला १.९ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि तिथे आक्षेप नेमका एकात्मीकरणाच्या जाहीर केलेल्या धोरणाची अंमलबजावणी न झाल्याचा होता. प्रश्नावलीची तारीख ही किरकोळ कारकुनी बाब वाटते, पण निर्णय आधी आणि कारण नंतर अशी स्थिती असेल तर तीच तारीख सगळे सांगते.

भारतात माहितीचा पाया बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरच्या अहवालाने घातला. सेबीने २०१२ मध्ये १०० मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांपासून सुरुवात केली. आजच्या स्वरूपातला अहवाल आर्थिक वर्ष २०२२–२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यातल्या निवडक निकषांची बाहेरच्या संस्थेकडून खातरजमा करून घेण्याची तरतूद २०२३ मध्ये आली, ती पहिल्या १५० कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने पुढे नेण्याची. त्याच वर्षीच्या जुलैत सेबीने ईएसजी म्युच्युअल फंडांच्या सहा पद्धती ठरवून दिल्या. एकात्मीकरण ही त्यांपैकी एक आहे. अशा फंडाने किमान ८० टक्के मालमत्ता आपल्या घोषित पद्धतीनुसार गुंतवायची आणि किमान ६५ टक्के अशा खातरजमा केलेल्या माहितीच्या कंपन्यांत ठेवायची.

पुरवठा साखळीपाशी मात्र ही माहिती विरळ होते. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही ईएसजी माहिती द्यावी अशी सेबीची मूळ योजना होती. मार्च २०२५ मध्ये ती ऐच्छिक झाली, आणि तीही खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांपुरती. शीतपेये आणि मिठाई बनवणाऱ्या कंपन्यांची साखर महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून येते, तिथे याचा अर्थ काय होतो ते दिसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दिवसांत किंवा आजारपणात खाडा पडला तर दंड कापला जातो, हे त्या फडांवरचे वास्तव त्या वेळी ठळकपणे पुढे आले. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा थेट ‘सोशल’मधला धोका आहे, कारण मोठा खरेदीदार उद्या अशी साखर नाकारू शकतो. पण तोडणी मजूर कारखान्याचे कामगार गणले जात नाहीत. मध्ये मजूर पुरवणारा मुकादम असतो. त्यामुळे कारखान्याच्या कामगारसंख्येत ते नसतात आणि साखर घेणाऱ्या कंपनीच्या अहवालात तर नसतातच. विश्लेषकाला हा आकडा हवा असेल तर हंगामात फडावर जाऊन मुकादमाची वही मागावी लागते. त्या वहीतही नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब असतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, नवऱ्याच्या नावावर लिहिलेली असते.