स्वभावमेळ (किशोरवयातील)

मुलाच्या स्वभावाची ठेवण आणि भोवतालच्या माणसांच्या त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा यांचे एकमेकांशी जुळणे. ‘गुडनेस ऑफ फिट’ या नावाने ही कल्पना अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने मांडली. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. चळवळेपणा, नव्या गोष्टीला पहिला प्रतिसाद, चिकाटी अशा नऊ अंगांनी स्वभाव पाहिल्यावर सुमारे ४० टक्के मुले ‘सोपी’, १० टक्के ‘कठीण’ आणि १५ टक्के ‘हळूहळू रुळणारी’ ठरली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. पालकांसमोर ही वर्गवारी मांडताना नेमके हेच सांगायचे राहून जाते.

कुठलाही स्वभाव मुळात वाईट नसतो. हळू रुळणारा मुलगा शांत घरात सुखाने वाढतो; पाहुणे आले की ‘बोल की, गप्प का?’ म्हणून टोकणाऱ्या घरात तोच आणखी मिटतो. तापट मुलगी आणि तापट वडील एका छताखाली असले, तर उशिरा येण्यासारख्या साध्या विषयाचेही भांडण होते, कारण आधी आवाज खाली आणणारे कोणीच नसते.

किशोरवयाच्या सुरुवातीला शिस्तशीरपणा आणि मिळतेजुळते घेण्याची वृत्ती सरासरीने घटते व विशीकडे जाताना पुन्हा वाढते. सातवी-आठवीतला पसारा आणि उलट उत्तरे हा मुलाचा कायमचा स्वभाव समजणे ही म्हणूनच नेहमीची चूक. पालकांशी खटके सर्वाधिक याच सुरुवातीच्या वर्षांत उडतात. पुढे त्यांची संख्या कमी होते. मधल्या वर्षांत धार मात्र वाढते.

मूल कुठे जाते, कोणाबरोबर असते हे पालकांना पाळतीतून कळते, असा समज होता. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधील मुलांच्या अभ्यासातून २००० मध्ये दाखवले, की ही माहिती मुख्यतः मुलाने आपणहून सांगितल्यामुळे मिळते. बोलक्या मुलाचे पालक त्यामुळे सहजच ‘दक्ष’ दिसतात. अबोल मुलावर प्रश्नांचा भडिमार केला, की मिळते ती त्रोटक उत्तरे. फोन तपासला, तर तीही बंद होतात. सांगितलेल्या गोष्टीवर लगेच शिक्षा किंवा उपदेश न करणे, हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय. समोरासमोर बसवण्यापेक्षा स्कूटरवर मागे बसून किंवा भाजी निवडताना असे मूल अधिक बोलते.

मैत्रीत सारखे सारख्याला शोधतात. लाजाळू मुलांचे मित्रही बहुधा लाजाळू. एकच जिवलग मित्र असणे यात बिघडलेले काही नसते. तो मित्र शाळा सोडून गेला, की मात्र अडचण येते, कारण नवा जोडायला या मुलांना वेळ लागतो. उतावळ्या मुलांचा धोका वेगळा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील प्रयोगात, गाडी चालवण्याच्या खेळात मित्र शेजारी असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांत हा फरक जवळपास नव्हता.

स्वभाव मोजताना एकाच प्रश्नावलीवर विसंबता येत नाही. थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वागणुकीच्या तक्रारींबाबत मुलाची स्वतःची उत्तरे आणि इतरांनी दिलेली उत्तरे यांतील सहसंबंध (पूर्ण जुळले तर १, काहीच न जुळले तर ०) सरासरी ०.२२ एवढाच निघाला. घरी हट्टी असलेली मुलगी वर्गात सगळ्यांची समजूत काढणारी असू शकते. दोन्ही वर्णने खरी असतात.