वाराच्या जेवणापासून कॉट बेसिसपर्यंत

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशी पाटी पावलोपावली दिसते. भाड्याने मिळते ती खोली नव्हे, खोलीतली एक खाट. या रिवाजाचे मूळ वाड्यांत आहे. १८२१ची संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यात भरली. १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले तेही शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. कॉलेज वाड्यात, तसा बाहेरगावचा विद्यार्थीही कुणाच्या तरी वाड्यात.

जेवायला तो वार लावी: सात दिवस, सात घरे. एखाद्या घरी सुतक आले की तो वार बुडे आणि उपास घडे. वार न मिळालेला झोळी घेऊन माधुकरी मागे. १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली, मुलेही माधुकरीवर शिकली. पण ही दारे मुख्यतः ब्राह्मण मुलांनाच उघडी होती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. इतरांना वसतिगृहच हवे होते, आणि वसतिगृहे थोडी. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली ती म्हणूनच मोलाची.

खाट भाड्याने देण्यामागे कायदाही आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरू हलेना. मालकाला विद्यार्थी परवडला, कारण शिक्षण संपले की तो जातो. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ आले, १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, मग स्पर्धा परीक्षावाले आणि त्यांच्या अभ्यासिका. खाटा वाढत गेल्या.

वाराची जागा मेसने घेतली. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचे जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी. तीस दिवसांची साठ जेवणे, त्यातून चार रविवार रात्री वजा, म्हणजे ५६. खाडा, म्हणजे न जेवलेला दिवस, आधी सांगितला तरच धरतात. किती दिवसांचा चालतो हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

सर्वांत जास्त फसगत डिपॉझिटमध्ये होते, कारण नोंदलेला करारच हाताशी नसतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज अजून पक्का आहे. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल, तर राहणारा पेइंग गेस्ट ठरतो. तिथे निदान डिपॉझिटची रक्कम, तारीख, परतीची अट आणि सही असलेली पावती घ्यावी.